तिसरी पुकार

नीलकंठ रणभिसे या माणसाचं रायपुरात कोणाशी पटलं, असं ऐकिवात नाही. पंडरीतल्या शिंप्याशी त्याचं बाहीवरून भांडण, दूधवाल्याशी मापावरून, आणि शेजाऱ्याशी तर तो शेजारी आहे एवढ्यावरूनच. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकून होता. त्या बत्तीस वर्षांत त्याने साहेबांच्या टिपणीतल्या चुका लाल शाईने दाखवून कागद परत पाठवण्याचं काम इमानेइतबारे केलं. अशा माणसाला बढती मिळत नाही, तशी ती मिळाली नाही. फक्त एका जागी त्याच्या किरकिरीची कदर झाली, ती मिशन पारा या वस्तीतल्या चर्चमध्ये. तिथल्या मंडळीने त्याला सेक्रेटरी केलं आणि एकोणीस वर्षं त्या खुर्चीवरून हलवलं नाही, कारण मंडळीच्या घटनेचं ते जाडजूड पुस्तक त्याच्याशिवाय कोणी उघडलंच नव्हतं.

नाव नीलकंठ आणि धर्म ख्रिस्ती, याचं बाहेरच्यांना नवल वाटे. त्याच्या पणजोबांनी अचलपूरकडे बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव बदलला, नावं तीच राहिली. आजोबा रेल्वेच्या नोकरीने रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात नागपुरी मराठी, उपासना हिंदीत, भाजीवालीशी छत्तीसगढी, असं तीन पिढ्या बिनबोभाट चाललं होतं.

मग दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. तेलीबांध्याकडे बंगले उठले, रस्त्यांवर लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या, आणि ज्या चर्चच्या फाटकाशी सायकलींखेरीज काही दिसत नसे तिथेही एक दिवस लाल दिवा येऊन थांबला. तो आणला पाद्री धर्मपाल यांनी. नवीनच बदलून आले होते. उंच, गोड गळ्याचे, कोणाच्या मुलाचा कितवीचा निकाल आहे हे सुद्धा लक्षात ठेवणारे. माणूस वाईट नव्हता, हे इथे सांगून टाकलं पाहिजे, कारण नीलकंठ ते मरेपर्यंत कबूल करणार नाही.

त्या नाताळात एक मंत्री प्रमुख पाहुणे म्हणून आले. वेदीच्या बाजूला त्यांची गादीची खुर्ची मांडली. सेक्रेटरी म्हणून नीलकंठची ओळख करून दिली तेव्हा मंत्र्यांसोबतचा एक कार्यकर्ता खुशीत येऊन म्हणाला, "नाम नीलकंठ? फिर तो आप हमारे ही हुए!"

"नाम मेरे बाप का दिया हुआ है, आपका नहीं," नीलकंठ म्हणाला, आणि हातातली केकची बशी तशीच टेबलावर ठेवून घरी गेला. पाद्रीसाहेबांना मंत्र्यांपुढे दात काढून वेळ मारून न्यावी लागली. दोघांत पहिली ठिणगी पडली ती ही.

पण ती नुसती ठिणगी होती. आग लागली पत्रावरून. दक्षिणेकडच्या जंगलातल्या काही गावांत प्रार्थनेला जाणाऱ्यांची घरं पाडणं सुरू झालं होतं. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. धर्म सोडा नाही तर गाव सोडा, एवढी एकच बोली. चर्चमध्ये झाडलोट करणारी, गीतपुस्तकं मांडणारी कांताबाई होती, एक विधवा. तिचा सख्खा भाऊ बायकोमुलांना घेऊन असाच पळून आला आणि चर्चच्या मागच्या खोलीत आठ दिवस राहिला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्या चार ओळी कोणाला तरी झोंबल्या, आणि वरून, त्या मंत्र्यांकडूनच, निरोप आला की मंडळीने एक पत्र द्यावं. राज्यात ख्रिस्ती लोक सुखात आहेत, कुठे काही त्रास नाही, आणि गावोगाव प्रार्थना घेत फिरणाऱ्यांशी आमचा संबंध नाही, असं.

पाद्रीसाहेबांनी मसुदा नीलकंठपुढे ठेवला.

"पीछे के कमरे में पाँच लोग आठ दिन सोए," नीलकंठ म्हणाला, "और हम लिखें कि कोई आया ही नहीं?"

"रणभिसे जी, तीन स्कूल हैं, एक अस्पताल है, हज़ार लोगों की मंडली है," पाद्रीसाहेब शांतपणे म्हणाले. "शासन से बैर लेकर इनको मैं कहाँ ले जाऊँ? एक काग़ज़ से सबका बचाव होता है तो होने दीजिए।"

या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण नीलकंठने सही केली नाही. समितीत सात विरुद्ध सहा झालं, आणि पत्र पाद्रीसाहेबांच्या एकट्याच्या सहीने गेलं.

त्या दिवसापासून मंडळीची दोन शकलं झाली. पत्रवाले डाव्या बाकांवर, बिनपत्रवाले उजव्या. उपासनेत एकमेकांशी शांतीचं हस्तांदोलन करायची वेळ आली की मधली वाट कोणी ओलांडत नसे. पन्नास वर्षं एकमेकांच्या घरी करंज्या पाठवणाऱ्या बायका एकमेकींना पाहून नाक मुरडू लागल्या. पुढच्या निवडणुकीत नीलकंठची खुर्ची गेली. त्याने बदला म्हणून घटनेचं पुस्तक उघडलं. पाद्रीची मुदत तीन वर्षांची. धर्मपालांची संपली होती, बदलीचा हुकूमही निघाला होता, पण कुठून तरी फोन आला आणि हुकूम फिरला. नीलकंठने चारुदत्त वकिलांना गाठलं आणि दावा ठोकला की हा माणूस कायद्याने आमचा पाद्रीच नाही. दाव्यात पहिलं नाव त्याचं, दुसरं नरहरीचं. हा नरहरी रेल्वेतून निवृत्त झालेला, नीलकंठच्या हो ला हो करणारा.

शिवाय तो घरी टाईपरायटरवर निवेदनं टाईप करत बसे. वर्तमानपत्रांना, आयोगांना, दिल्लीला. बारा निवेदनं झाली. प्रत्येकात कांताबाईच्या भावाची हकिगत होती. घराचं दार कोणत्या तारखेला तोडलं, छपराची किती कौलं फुटली, बैल कोणी सोडून नेले. सगळं चोख. त्यात त्या भावाचा उल्लेख 'एक पीडित ग्रामस्थ' असा होता.

दावा कासवाच्या गतीने चालला होता. तारखेमागून तारीख पडे आणि दर रविवारी धर्मपाल त्याच गोड गळ्याने उपासना घेत. नीलकंठच्या अंगाचा तिळपापड होई. अशाच एका संध्याकाळी त्याला पुस्तकात ते कलम सापडलं.

ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. पाद्री भर उपासनेत मुलामुलीचं नाव वाचतो आणि विचारतो, कोणाची हरकत आहे का? हरकत म्हणजे कोणाचं आधी लग्न झालेलं असेल, नात्यात बसत नसेल, असं काही. नीलकंठच्या एकोणीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती. सगळे त्या क्षणाला पंख्याकडे बघतात. पण कलमात असं होतं की हरकत आली तर लग्न थांबेल, आणि ज्याने घेतली त्यानेच भर उपासनेत, पाद्रीसमोर उभं राहून ती मागे घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही.

"सापडला," नीलकंठ नरहरीला म्हणाला. "हा धर्मपाल पुकार करून राहिला नं? तर हरकत पुकारणाऱ्यावर. ज्याले हक्कच नाही तो पुकार काय करते? एक लग्न थांबलं की गावभर होते, बिशपले धावत यावं लागन."

"पण कोणाचं लग्न?" नरहरीने विचारलं.

त्या महिन्यात दोनच लग्नं होती. एक पत्रवाल्यांच्या घरचं. तिथे उठलं तर मारामारी झाली असती. दुसरं कांताबाईच्या मुलीचं, राधिकाचं. तिच्या दोन पुकारी होऊन गेल्या होत्या, तिसरी राहिली होती.

"कांताबाई आपलीच आहे," नीलकंठ म्हणाला. "ते समजून घेईन. एका हप्त्याचा तर सवाल."

त्याने कांताबाईला आधी सांगितलंही नाही. सांगायची गरज वाटली नाही, हेच या गोष्टीतलं सगळ्यात वाईट आहे.

फेब्रुवारीचा तो रविवार. लग्न गुरुवारी होतं. भिलाईहून मुलाकडची चार माणसं आली होती, त्यांना पुढच्या बाकावर बसवलं होतं. कांताबाईने पंडरीतून पांढरी साडी घेतली होती, गोल बाजारातून पाच भांडी. पाद्रीसाहेबांनी नावं वाचली आणि म्हणाले, "यह तीसरी और आख़िरी पुकार है। किसी को एतराज़ हो तो अभी कहे।"

सगळे पंख्याकडे बघू लागले. आणि उजव्या बाकांवरून नीलकंठ उभा राहिला.

"एतराज़ है।"

त्याने पुढचं वाक्यही तयार ठेवलं होतं. एतराज़ पुकारनेवाले पर है, लड़की पर नहीं. ते तो बोललाही. पण पहिल्या दोन शब्दांनंतर चर्चमध्ये असा गलका उठला की त्याचं त्यालाच ते ऐकू गेलं नाही. पाद्रीसाहेबांनी ऐकलं असणार, ते दहा पावलांवर होते. त्यांनी पुस्तक मिटलं, आणि गलका थांबल्यावर सावकाश म्हणाले, "लिख लिया जाए। राधिका के विवाह पर श्री नीलकंठ रणभिसे का एतराज़।" बस्स, एवढंच. गोड गळ्याने.

पुढच्या बाकावर मुलाची आत्या होती. ती शेजारणीला विचारत होती, "लड़की में क्या बात है?"

घरी आल्यावर इंदूने, नीलकंठच्या बायकोने, डोक्यावरचा पदरसुद्धा काढला नाही. दारातच सुरू झाली.

"तुमाले काही समजते का हो? पोट्टीच्या लग्नात हरकत म्हटलं की लोकं काय समजते? घटना समजते का? कलम समजते? म्हणते, पोट्टीचं काहीतरी असन!"

"मी साफ सांगतलं, पोरीवर हरकत नाही म्हणून."

"कोणी आयकलं?"

नीलकंठने पुस्तक काढलं आणि तिला कलम वाचून दाखवू लागला. इंदू आत निघून गेली.

तिचं म्हणणं खरं होतं. भिलाईच्या लोकांना रायपूरच्या चर्चमधलं पत्र आणि बिनपत्र काय ठाऊक? त्यांनी मुलीचं नाव ऐकलं आणि हरकत ऐकली. तरी ते बरे, म्हणाले पुढच्या रविवारपर्यंत थांबू. हरकत निघाली तर सोमवारी लग्न लावून टाकू, कारण बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यात लग्नं होत नाहीत. नाही निघाली, तर आमचं नातं संपलं.

मंगळवारी दुपारी कांताबाई आली. रडत बिडत नव्हती. इंदूने चहा दिला, तो तिने खाली ठेवला.

"सेक्रेटरी साहेब, येत्या रविवारी उभे राहा अन् सांगा का एतराज नाही."

खुर्ची जाऊन दोन वर्षं झाली तरी ती त्याला सेक्रेटरी साहेबच म्हणे. नीलकंठ सरसावून बसला.

"कांताबाई, तुले समजत नाही. मी त्याच्यासमोर उभा राहून हरकत वापस घेतली म्हंजे त्याले पाद्री मानलं. वकील म्हणते, केस तिथंच बुडते. दोन साल गेले माझे. अन् हे कायच्यासाठी करून राहिलो मी? तुझ्या भावासाठीच नं?"

"माह्या भावाचं नाव काय?"

"आं?"

"नाव. माह्या भावाचं."

नीलकंठला तारीख आठवली. कौलं आठवली. दोन बैल, त्यातला एक लंगडा, हेसुद्धा आठवलं. त्या माणसाचा चेहरा आठवला, खोलीच्या उंबऱ्यावर बसून तो सांगत होता आणि आपण लिहून घेत होतो, हेही आठवलं. नाव काही केल्या येईना.

"नाव लिहिलं नाही मी मुद्दाम," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या भल्यासाठीच. गावचे लोकं अजून त्रास देतीन म्हणून."

"हव, लिहिलं नाही ते बरं केलं. विचारलं होतं का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. इंदू ऐकत होती. कांताबाई उठली, पदर नीट केला आणि गेली. चहा तसाच होता, साय धरलेला.

शुक्रवारी चारुदत्त वकिलांनी बजावलं की हरकत मागे घेतलीत तर मी कोर्टात उभा राहायचा नाही. शनिवारी नरहरी येऊन बसला, आता माघार घेतली तर धर्मपाल आपल्या छाताडावर बसेल म्हणाला. नीलकंठने दोघांचं ऐकून घेतलं. त्याची झोप उडाली होती ती त्यांच्यामुळे नव्हे. मागच्या चार दिवसांत त्याने बाराही निवेदनांच्या प्रती काढून वाचल्या होत्या, कुठे तरी नाव असेल म्हणून. नव्हतं.

रविवारी तो उजव्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या बाकावर आज भिलाईचं कोणी नव्हतं. कांताबाई आपल्या नेहमीच्या जागी, खांबाजवळ. शेजारी राधिका, मान खाली. पाद्रीसाहेबांनी नावं वाचली, विचारलं, आणि वाट न पाहता म्हणाले, "पिछला एतराज़ क़ायम है, इसलिए..."

नीलकंठ उभा राहिला. नरहरीने त्याची बाही ओढली. त्याने हात झटकला.

"मैं एतराज़ वापस लेता हूँ।"

धर्मपालांना यात काय मिळालं ते त्या क्षणी कळलं. इथे मोठेपणा दाखवून ते पुढे जाऊ शकले असते, आणि कदाचित उजवीकडची अर्धी माणसं त्याच दिवशी त्यांच्याकडे वळली असती. पण दोन वर्षं त्यांनीही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"किसके सामने?" त्यांनी विचारलं. "पूरा कहिए, रणभिसे जी।"

डाव्या बाकांवर कोणी तरी हसलं. नीलकंठचे कान तापले. आयुष्यात त्याने कोणाचं एक वाक्य सहन केलं नव्हतं. त्याने राधिकाकडे पाहिलं. मान अजून खालीच होती.

"पाद्री धर्मपाल साहब के सामने," तो म्हणाला. "और लड़की पर कोई एतराज़ न था, न है।"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. दावा, दोन वर्षं, सगळं त्या एका वाक्यात पाण्यात गेलं.

उपासना संपल्यावर त्याच्याशी उजव्या बाकांवरचं कोणी बोललं नाही. नरहरी तोंड फिरवून निघून गेला तो कायमचाच. डावीकडचे हसत बाहेर पडले. नीलकंठ कांताबाईची वाट बघत थांबला. ती बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होती.

"वापस घेतली," तो म्हणाला.

"हव. आयकलं."

"मग उद्या लग्न? भिलाईचे लोकं आज दिसले नाही..."

"काल सांजेलाच फोन आला. नाही म्हणते ते."

"काल?" नीलकंठचा आवाज चढला. "मग मले सांगतलं काहून नाही? मी हे सगळं..."

"भिलाईवाले गेले," कांताबाई म्हणाली. पुस्तकं लावायचं तिने थांबवलं नाही. "पण ह्या मंडळीत तर राहाचं आहे नं माह्या पोट्टीले. ज्यायनं तिच्यावरचा एतराज आयकला, त्यायनं तो निघालेला बी आयकला पाह्यजे."

नीलकंठ मधल्या वाटेवर येऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय, कांताबाई?"

"आता कायले पाह्यजे? कोणत्या कागदावर लिहिता?"

तिने पुस्तकांची चळत उचलली आणि मागच्या खोलीत गेली. नाव तिने सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

दावा दोन तारखांत निकाली निघाला. ज्या मंत्र्यासाठी पत्र लिहिलं तो पुढच्या निवडणुकीत पडला आणि त्या पत्राचं काय झालं कोणी विचारलं नाही. पाद्री धर्मपाल यथावकाश मोठ्या मंडळीवर बदलून गेले. डावी-उजवी बाकं मात्र तशीच राहिली. भांडण कशावरून होतं हे ज्या पोरांना माहीत नाही तीसुद्धा आपापल्या बाजूला बसतात. नीलकंठला दोन्हीकडे जागा उरली नाही. तो शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू लागला. राधिका पंडरीत कापडाच्या एका ठोक दुकानात नोकरीला लागली. इंदूने त्या गल्लीत जाणं सोडलं.

चार वर्षांनी राधिकाचं पुन्हा ठरलं. मुलगा जगदलपूरचा. पहिल्या दोन पुकारींच्या वेळी नीलकंठ घरीच राहिला. तिसरीच्या दिवशी तो कपडे करू लागला.

"नका जाऊ," इंदू म्हणाली. "कशाले उगीच?"

"नाही गेलो तर म्हणतीन, याच्या मनात अजून आहे."

तो गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. नव्या पाद्रींनी राधिकाचं नाव वाचलं आणि विचारलं, किसी को कोई एतराज़?

पूर्वी अशा वेळी सगळे पंख्याकडे बघत. आता तसं झालं नाही. डावीकडचे आणि उजवीकडचे, म्हातारे आणि तरुण, सगळ्यांनी मागे वळून नीलकंठकडे पाहिलं. गेली चार वर्षं दर पुकारीला हे असंच होतं, तो त्याला सरावला होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तोंड घट्ट मिटलं आणि समोर बघत राहिला.

समोर, खांबाजवळ, कांताबाई बसली होती. ती तेवढी वळली नाही.

पाद्रींनी पान उलटलं आणि रविवारच्या शाळेच्या सहलीची सूचना वाचायला घेतली.